गोव्याचं राजकारण: पाहुणे, नवे मतदार आणि घरचेही पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

चतुर्थीला माटोळी बांधून झाली, आरत्या आटपल्या आणि पानं वाढेपर्यंत थोडी सवड मिळाली की आमच्याकडचे पाहुणे हमखास गोव्याच्या राजकारणावर येतात. कोणी सावंतवाडीचे, कोणी बेळगावचे, कोणी ठाण्याचे. प्रश्न दर वर्षी तेच. नोकरीसाठी इथे येऊन राहिलेल्या शेजाऱ्यांचेही तेच, आणि पहिल्यांदा मत द्यायला निघालेल्या आमच्या भाचरांचेही बरेचसे तेच. फोंडा तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत मी जन्मभर शिकवलं, त्यामुळे निवडणुकीची ड्यूटी कधी चुकली नाही. शेवटी उत्तरं एकदाची लिहून काढली. मधे मधे माझी मतं डोकावतील, ती माझी समजून वाचा.

गोवा १९४७ मध्येच स्वतंत्र झाला नाही, हे खरं का?

खरं आहे. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये तिसवाडीचं बेट घेतलं आणि १९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्यापुढे शरणागती पत्करली. मधे साडेचारशेहून जास्त वर्षं गेली. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांनी बंदी मोडून सभा घेतली, तो दिवस आम्ही क्रांतिदिन म्हणून पाळतो. १५ ऑगस्टला इथेही झेंडावंदन होतं, पण ‘मुक्तिदिन’ म्हटलं की गोमंतकीयाच्या डोळ्यांपुढे डिसेंबरच येतो. पोर्तुगालने तर भारताचं सार्वभौमत्व १९७४ च्या अखेरीस करार करून मान्य केलं. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे पासपोर्टच्या प्रश्नात ती उपयोगी पडेल.

‘जुन्या काबिजादी’ आणि ‘नव्या काबिजादी’ म्हणजे काय? त्याचा आजच्या मतदानाशी काय संबंध?

तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी हे तालुके सोळाव्या शतकात पोर्तुगिजांकडे गेले (मुरगाव तेव्हा सासष्टीतच होतं). या जुन्या काबिजादी. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा भाग त्यांच्या हाती आला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्या नव्या काबिजादी. मधल्या दोन-अडीचशे वर्षांत युरोपातला धर्माचा जोर ओसरला होता, म्हणून नव्या काबिजादींत धर्मांतरं फारशी झाली नाहीत.

आमच्या फोंड्यात एवढी मोठी देवस्थानं का, याचं उत्तरही इथेच आहे. मंगेश कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून. भक्तांनी देव उचलून नदीपलीकडे आणले, कारण तेव्हा पलीकडे पोर्तुगीज नव्हते. त्यामुळे आजही कुठ्ठाळीच्या ख्रिस्ती घरातली म्हातारी आणि मंगेशीच्या देवळाचा महाजन, म्हणजे वंशपरंपरेचा मानकरी, यांचं मूळ गाव एकच निघतं.

मतदानाशी संबंध असा की मुक्तीनंतरची पहिली पंधरा-वीस वर्षं निकालाचा नकाशा या जुन्या रेषेवरून बराचसा आखता येत होता. आता येत नाही. गावं शहरं झाली, बाहेरून माणसं आली, आमदार तर इकडून तिकडे गेलेच. तरी सासष्टीत एखादा पक्ष का चालतो आणि सत्तरीत का नाही, हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

पहिल्या निवडणुकीत काँग्रेस का आपटली? मुक्ती तर नेहरूंच्या काळातच मिळाली ना?

मिळाली, पण मुक्ती कोणी दिली यावर लोकांनी मत दिलं नाही. आता आपल्यावर कोण बसणार, यावर दिलं. डिसेंबर १९६३ मध्ये गोवा, दमण आणि दीव या संघप्रदेशाची पहिली विधानसभा निवडून आली. ३० जागा होत्या, त्यांतल्या २८ गोव्यातल्या. काँग्रेसला गोव्यात एकही मिळाली नाही. सत्तेवर आला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो. विरोधात १२ जागा घेऊन बसला युनायटेड गोवन्स, आणि त्याचे नेते होते डॉ. जॅक सिक्वेरा.

मगोचं चिन्ह सिंह, नेते दयानंद बांदोडकर, सगळ्यांचे भाऊसाहेब. स्वतः खाणमालक, पण मागे उभा होता तो कुळांचा आणि मुंडकारांचा (जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्यांचा) बहुजन समाज. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, भाटात झोपडी, भाटकाराच्या शेतात काम, आणि सणाला भाटकाराच्या दारात केळीचा घड नेऊन ठेवायचा, असं जगलेल्या माणसाला पहिल्यांदाच भाटकाराएवढंच एक मत मिळालं होतं. काँग्रेसने तिकिटं दिली ती बहुतेक भाटकारांना आणि त्यांच्या सोयऱ्यांना. तिथेच निकाल लागला.

मगोला नुसता ‘मराठीवाल्यांचा पक्ष’ किंवा ‘हिंदूंचा पक्ष’ म्हणणाऱ्यांना हा जमिनीचा भाग दिसत नाही. कुळांना संरक्षण देणारा कायदा १९६४ चा, मुंडकारांचा १९७५ चा. गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या त्याही याच काळात. मी त्यातल्याच एका शाळेत शिकले आणि पुढे तशाच एका शाळेत शिकवलं. तेव्हा या बाबतीत मी तटस्थ आहे असं मी म्हणणार नाही.

जनमत कौलात नेमकं काय विचारलं होतं?

प्रश्न दोनच पर्यायांचा होता: महाराष्ट्रात विलीन व्हायचं, की संघप्रदेश म्हणून वेगळं राहायचं. आज अनेकांना वाटतं की लोकांनी तेव्हा ‘गोवा राज्य’ निवडलं. राज्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. (दमण आणि दीवच्या मतदारांना हाच प्रश्न गुजरातबद्दल विचारला होता.) विलीनीकरणाला फुलाचं चिन्ह होतं, वेगळं राहण्याला दोन पानांचं. मतदान १६ जानेवारी १९६७ ला झालं. निवडणूक निःपक्ष व्हावी म्हणून बांदोडकरांचं सरकार आधीच्या डिसेंबरात पायउतार झालं होतं.

गोव्यात ३,८८,४३२ मतदार होते, त्यांतल्या ३,१७,६३३ जणांनी मत दिलं. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मतं पडली. फरक ३४,०२१ मतांचा.

आमच्या घरात आजी फुलाची आणि धाकटे आजोबा दोन पानांचे. आजी सांगायची, त्या जानेवारीत दोघं एका पंगतीत जेवायला बसत नसत. वाढणाऱ्या बाईने दोनदा पानं मांडायची. बाजारात ओळखीचा माणूस भेटला की ‘बरें मूं?’च्या आधी ‘फूल काय दोन पानां?’ असं विचारत. केसात अबोलीचा वळेसर माळला तरी त्याचा अर्थ लावायचे, म्हणून आजीने तो मुद्दाम रोज माळला.

मग मराठी माणसांनी एका बाजूने आणि कोकणी माणसांनी दुसऱ्या बाजूने मत दिलं, असंच ना?

असं नाही. हा गैरसमज महाराष्ट्रातल्या पाहुण्यांच्या मनात पक्का बसला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विलीनीकरणाच्या विरोधात सर्वांत धारदार लेखणी चालली ती मराठीत. मडगावहून निघणारं ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक विलीनीकरणविरोधी होतं, आणि त्यातलं उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लोक एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवत. हिंदूंच्या घरात मराठी पेपर येतो, हिंदूंची काही मतं वळल्याशिवाय कौल जिंकता येत नाही, हे त्या मंडळींनी बरोबर ओळखलं होतं. उल्हास बुयांव कोकणी गाणी घेऊन गावोगाव फिरले.

आता मतांचा हिशेब पाहा. त्या वेळी ख्रिस्ती लोकसंख्या निम्म्यापेक्षा कमी होती, आणि दोन पानांना ५४ टक्के मिळाले. म्हणजे विलीनीकरण नको म्हणणाऱ्यांत देवळात मराठी आरती म्हणणारे, घरी मराठी पोथी वाचणारे लोकही होते. त्यांना मराठी हवी होती, पण मुंबईहून चालणारं सरकार नको होतं. नोकऱ्या जातील ही भीती होती, एका कोपऱ्यातला जिल्हा होऊन पडू ही भीती होती. मला विचाराल तर ती भीती रास्त होती. आजीला मी हे तिच्या हयातीत कधी सांगितलं नाही.

विलीनीकरण हरलं, मग विलीनीकरणवाला मगो संपला का?

उलट. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी मगोला पुन्हा सत्तेवर बसवलं. भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि ऑगस्ट १९७३ मध्ये जाईपर्यंत होते. नंतर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर १९७९ पर्यंत.

इथला मतदार दोन प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं देतो. गोवा कुठे असावा, याचं उत्तर जानेवारीत दिलं. गोव्यात सत्ता कोणाच्या हाती असावी, याचं मार्चमध्ये. मला गोव्याच्या राजकारणातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट कोणती विचाराल तर हीच.

गोव्याची राजभाषा कोणती? मराठी आहे की नाही?

फेब्रुवारी १९८७ च्या राजभाषा कायद्यानुसार राजभाषा कोकणी. कायद्यातली कोकणी म्हणजे देवनागरी लिपीतली कोकणी. मराठीचा वापरही सगळ्या किंवा कोणत्याही शासकीय कामासाठी करता येईल, असं त्याच कायद्यात म्हटलं आहे. मराठी ‘सह-राजभाषा’ आहे असं आपण बोलतो, पण तो शब्द कायद्यात नाही. त्यामुळे मराठीप्रेमी म्हणतात ‘आम्हाला अर्धवट ठेवलं’, कोकणीप्रेमी म्हणतात ‘यांना जास्तच दिलं’, आणि रोमी लिपीत कोकणी लिहिणारे, म्हणजे तियात्र (नाटकं), कांतारां (गाणी) आणि चर्चची पुस्तकं ज्यांच्या भाषेत आहेत ते, म्हणतात ‘आम्ही तर कुठेच नाही’. तिघांचंही काही चूक नाही.

हा कायदा सहज झाला नाही. १९८६ च्या अखेरीला आंदोलन पेटलं, रस्ते अडले, दंगली झाल्या, माणसं मेली. त्या आठवणी अजून ताज्या आहेत, म्हणून लग्नाच्या पंगतीत हा विषय काढू नका. कोकणीचा घटनेच्या आठव्या परिशिष्टात (मान्य भाषांच्या यादीत) समावेश १९९२ मध्ये झाला.

२०११ च्या जनगणनेत सुमारे ६६ टक्के लोकांनी मातृभाषा कोकणी सांगितली, मराठी सांगणारे ११ टक्क्यांच्या आत. हे आकडे वाचून कोणी म्हणेल मराठी संपली. मग गावच्या जत्रेत रात्रभर चालणारं नाटक ऐकायला या, किंवा सकाळी सातला कुठल्याही गाड्यावर भजी खाणाऱ्यांच्या हातात कोणता पेपर आहे ते बघा. घरी कोकणी बोलायची, वाचायचं मराठीत, अर्ज लिहायचा इंग्रजीत, हीच आमची त्रिभाषा.

मग सरकारी कार्यालयात मराठीत अर्ज दिला तर चालतो का?

चालतो. समोरचा कारकून वाचतोही. फायलीवरची टिप्पणी मात्र इंग्रजीतच होते, आणि उत्तर बहुधा त्याच भाषेत येतं.

गोवा राज्य कधी झालं?

३० मे १९८७. देशातलं २५ वं राज्य. दमण आणि दीव तेव्हा वेगळे झाले. विधानसभेच्या जागा ४०, लोकसभेच्या दोन, राज्यसभेची एक.

४० आमदारांत १२ मंत्री? हे जास्त होत नाही का?

होतात. पण कायद्यात बसतात. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांवर बांधली. गोव्याला १५ टक्के म्हणजे सहा. पण त्याच दुरुस्तीत पुढे म्हटलं आहे की राज्यात मंत्री बारापेक्षा कमी असू नयेत. लहान राज्यांची सोय म्हणून घातलेली ती ओळ आमच्याकडे सोयच झाली. बहुमताला २१ आमदार लागतात. त्यातले १२ मंत्री, एक सभापती, एक उपसभापती, उरलेल्यांना महामंडळं. सत्ताधारी बाकावर रिकाम्या हाताने बसलेला आमदार शोधून सापडत नाही, आणि सापडलाच तर तो फार दिवस त्या बाकावर राहत नाही.

आमदार एवढे फुटतात, तरी पक्षांतरबंदी कायद्यात अडकत कसे नाहीत?

कारण ते एकेकटे फुटत नाहीत, मोजून फुटतात. घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे याच कायद्यात, विलीनीकरणाची तरतूद आहे: विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला संमती दिली तर ते अपात्र ठरत नाहीत. (विलीनीकरण हा शब्द गोव्याची पाठ सोडत नाही तो असा.)

बेरीज करून बघा. मार्च २०१९ मध्ये मगोचे तीन आमदार होते, त्यातले दोन भाजपमध्ये गेले. त्याच वर्षी जुलैत काँग्रेसचे १५ होते, गेले १०. २०२२ मध्ये काँग्रेसचे ११ निवडून आले; दोन तृतीयांश म्हणजे सात पूर्णांक काहीतरी, म्हणून आठ हवेत, तर सप्टेंबरात बरोबर आठ गेले. आमच्या चौथीच्या मुलांना अपूर्णांक शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या खुरसापुढे (क्रॉसपुढे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन न फुटण्याच्या शपथा दिल्या होत्या, हे मुद्दाम नोंदवून ठेवते. देवांची कसोटी लागली, दुसरं काय.

मूळ पक्षही विलीन व्हायला हवा की आमदार गेले तेवढं पुरे, हा वादाचा मुद्दा. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०१९ च्या प्रकरणात २०२२ मध्ये आमदारांच्या बाजूने निकाल दिला.

हे नवीन आहे असंही समजू नका. १९७९ मध्ये शशिकलाताईंचं सरकार स्वतःच्याच आमदारांनी पाडलं. १९८० मध्ये लोकांनी अर्स काँग्रेसला, म्हणजे इंदिरा गांधींपासून फुटलेल्या गटाला, निवडून दिलं, आणि ती निवडून येताच इंदिरा काँग्रेसमध्ये गेली. १९९० ते २००० या दशकात मुख्यमंत्री इतक्या वेळा बदलले की शाळेतला सामान्यज्ञानाचा तक्ता आम्ही पेन्सिलीने लिहायचो. चर्चिल आलेमांव यांचं मुख्यमंत्रिपद तर १८ दिवसांचं.

लोक अशा आमदारांना परत निवडून कसे देतात?

मतदारसंघाचा आकार बघा. एका मतदारसंघात साधारण २५ ते ३० हजार मतदार. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरात एका नगरसेवकाच्या प्रभागातही एवढे मतदार असतात. आमदार तुमच्या घरी बाराव्याला येतो, मुलीच्या लग्नात उभा असतो, इस्पितळात खाट मिळवून देतो. पक्ष बदलला तरी माणूस तोच, त्याचा फोन नंबरही तोच. २०२२ मध्ये सांत आंद्रेत ७६ मतांनी आणि फोंड्यात ७७ मतांनी निकाल लागला. म्हणजे दोन-तीन मोठ्या एकत्र कुटुंबांनी मनात आणलं असतं तर आमदार बदलला असता.

ड्यूटीवर बसलेली असताना मी हे जवळून पाहिलं आहे. मतदार दारात आला की आम्ही यादीत नाव शोधायच्या आत उमेदवारांचे एजंट घरनावाने हाक मारतात, ‘ही देवळाफाटल्यांची धाकटी सून, माहेर कुडचड्याचं,’ आणि आपल्या यादीवर पेन्सिलीने खूण करतात. खुणा तीन तऱ्हेच्या: आपला, त्यांचा, आणि प्रश्नचिन्ह. दुपारी तीननंतर फक्त प्रश्नचिन्हांच्या घरी गाड्या जातात. मत गुप्त असतं हे खरंच, पण गावात ते गुप्त ठेवायला मेहनत घ्यावी लागते.

इथे मतदान धर्मावर होतं की जातीवर?

२०११ च्या जनगणनेत हिंदू ६६ टक्के, ख्रिस्ती २५, मुस्लिम ८ टक्के. पण हे तीन गठ्ठे तीन पेट्यांत पडतात असं नाही. ख्रिस्ती समाजातही बामण, चाड्डो, सुदिर हे जातींचे भेद आहेत आणि सोयरीक जुळवताना ते निघतात. हिंदूंमध्ये सारस्वत संख्येने थोडे पण वजनदार. भंडारी समाज इतर मागासांत सर्वांत मोठा. तरी त्यांच्यातून मुख्यमंत्री झाले ते रवी नाईक एकटे, हे गाऱ्हाणं दर निवडणुकीत ऐकू येतं.

२०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी भाजपला २१ जागा मिळवून दिल्या, त्यात ख्रिस्ती आमदारही होते. त्यामुळे ‘अमुक धर्म अमुक पक्षाचा’ हे गणित मांडणाऱ्या वाहिन्यांकडे मी फार लक्ष देत नाही. तिकिटं वाटणारे मात्र जात बघतात.

अनुसूचित जमातींसाठी विधानसभेत एकही राखीव जागा कशी नाही?

गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. २०११ च्या जनगणनेत जमातींची लोकसंख्या १,४९,२७५, म्हणजे दहा टक्क्यांहून थोडी जास्त. तरी ४० जागांत राखीव एकच, पेडणे, आणि तीही अनुसूचित जातींसाठी. गोव्यातले सर्वांत जुने रहिवासी ज्यांना म्हणतो त्यांची ही गत. मे २०११ मध्ये बाळ्ळीला हक्कांसाठीच्या आंदोलनात दोन तरुण मेले. जागा राखून ठेवण्यासाठी संसदेने कायदा केला तो २०२५ मध्ये. लोकसंख्येच्या प्रमाणात चार जागा व्हायला हव्यात. धनगर समाज अजून बाहेरच आहे आणि त्यांची मागणी चालूच आहे.

गोव्यात समान नागरी कायदा आहे म्हणतात. म्हणजे काय?

१८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता, तिच्यात नंतर झालेल्या बदलांसह, मुक्तीनंतरही इथे चालू राहिली. खुद्द पोर्तुगालने ती १९६०च्या दशकात बदलून टाकली; आम्ही जपली. वारसाहक्काचा भाग आता गोवा विधानसभेच्या २०१२ च्या कायद्यात आला आहे.

व्यवहारात अर्थ असा: लग्न कोणत्याही धर्माचं असो, नोंदणी हवीच. आधी इरादा नोंदवायची पहिली सही, काही दिवसांनी दुसरी सही. वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, आणि जमीन विकायला दोघांच्या सह्या लागतात. मुलांना, मुलींनाही, निम्म्या मालमत्तेतून वगळता येत नाही. महाराष्ट्रातून इथे जमीन घ्यायला येणाऱ्यांचे व्यवहार अडतात ते बहुतेक इथेच: भाऊ सही करतो, पण मुंबईतल्या बहिणीची, तिच्या नवऱ्याची आणि दुबईतल्या पुतण्याची सही राहिलेली असते.

पूर्ण समान मात्र नाही. चर्चमध्ये लग्न करणाऱ्या कॅथलिकांना काही वेगळे नियम आहेत, आणि १८८० च्या एका हुकमात हिंदू पुरुषाला ठरावीक अटींवर दुसऱ्या लग्नाची मुभा दिली होती. आणि कायद्याने बहिणीचा वाटा आहे म्हणून बहीण तो घेतेच असंही नाही. ‘माहेर तुटेल’ म्हणून हक्क सोडल्याच्या सह्या करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. एका बाईला तर कागदावर काय लिहिलं आहे हेही वाचू दिलं नव्हतं.

कोमुनिदाद आणि पंचायत यांत फरक काय?

कोमुनिदाद म्हणजे पोर्तुगिजांच्याही आधीची ‘गावकरी’, गावच्या जमिनीची सामाईक संस्था. गावची शेतं, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन), डोंगर सामाईक. त्याचे हक्कदार गावकर, म्हणजे मूळ वसाहत करणाऱ्यांचे वंशज, आणि उत्पन्नातला त्यांचा वाटा म्हणजे झोण. पोर्तुगिजांनी तिला कायद्यात बांधलं; १९६१ ची संहिता अजून चालते. पंचायत १९६२ नंतरची, प्रौढ मताधिकारावर निवडलेली. राज्यात १९१ पंचायती आहेत. थोडक्यात, जमिनीचा मोठा भाग कोमुनिदादीचा आणि घराचा परवाना पंचायतीचा. गावात तंटे का होतात हे आता वेगळं सांगायला नको.

पोर्तुगीज पासपोर्ट घेतला तर इथलं मत जातं का?

हो. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगाल आपले नागरिक म्हणून नोंदवून घेतो. १९७४ च्या करारानंतरही. त्यासाठी लिस्बनला जन्मनोंद करावी लागते. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, आणि त्याबरोबर मतही. सासष्टीतल्या काही गावांत कुलूपबंद घरांची रांग लागलेली दिसेल. त्यांचे मालक इंग्लंडमध्ये काम करतात. त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी आधी आपल्या मुलांचे अमेरिकेतले पत्ते आठवावेत.

मी बारा वर्षं गोव्यात आहे. मला ‘गोंयकार’ (गोवेकर) म्हणतील का?

म्हणणार नाहीत, पण मत देऊ देतील. भारताचा नागरिक जिथे राहतो तिथल्या यादीत नाव घालू शकतो. सरकारी नोकरीसाठी मात्र १५ वर्षांचा रहिवासी दाखला लागतो, तेव्हा तुम्हाला अजून तीन वर्षं थांबायचं आहे. १९६१ पूर्वीची मुळं ज्यांची त्यांनाच गोमंतकीय म्हणा, अशी मागणी करणारा रिव्होल्यूशनरी गोवन्स हा पक्ष २०२२ मध्ये एक जागा जिंकून विधानसभेत आला. सांत आंद्रेची ती ७६ मतांची जागा हीच.

‘भायले’ (बाहेरचे) हा शब्द तुमच्या कानावर पडेल, ‘घाटी’ही पडेल. दुसरा शब्द वाईट आहे, आणि तो वापरणाऱ्याला मी तोंडावर तसं सांगते. पण त्यामागची धास्ती समजून घ्या: चौदा-पंधरा लाख माणसांचं राज्य, डोंगर कापून दिल्लीवाल्यांसाठी बंगले होताहेत आणि इथल्या मुलाला खोली परवडत नाही. राग चुकीच्या माणसावर निघतो, पण तो उगाच आलेला नाही. आणि ‘तूं कोणालो रे?’ असं कोणी विचारलं तर चिडू नका. तो हाकलत नाही, तुमचं घरनाव शोधतो आहे. सापडलं नाही तर तुमच्या शेजाऱ्याच्या घरनावाला तुम्हाला जोडून टाकेल.

ग्रामसभेत मला बोलता येतं का?

पंचायत क्षेत्राच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येकजण ग्रामसभेचा सदस्य आहे. साधारण सभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरात, रविवारी होते. प्रश्न लेखी द्या, आणि इतिवृत्तात आला का ते पुढच्या सभेत बघा. माझा एक प्रश्न तीन सभांच्या इतिवृत्तातून गळाला होता. चौथ्या वेळी मी त्याच्या दोन प्रती काढल्या आणि एकीवर पोचपावतीचा शिक्का मारून घेतला. मग आला.

बोला कोकणीत, जमेल तशी. चुकलात तर लोक हसतील, पण ऐकतील. मराठीत बोललात तरी ऐकतील. साडेदहाची वेळ असेल तर अकराला जा. पंच तेव्हाच येतात, आणि चहा साडेअकराला.